तिनेच ऐकलेला हेल

जयवंतीकाकी गेल्याचं मला पुण्याहून कळलं. ती राहायची मालवणात, किनाऱ्यालगतच्या वस्तीत, माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. मीही मालवणातच राहते. तरी बातमी आधी घाट चढून माझ्या लेकीकडे गेली आणि तिथून उतरून माझ्याकडे आली. सकाळचे सात-सव्वासात झाले असतील, मी डबे भरत होते. फोनवर सायली होती. "आई, जयवंतीआजी गेली गो..." एवढं म्हणाली आणि रडायला लागली. काकीच्या सुनेने पहिला फोन तिला केला होता. सकाळी चहाला हाक मारली तर काकी उठलीच नाही. मी पोळीवरचा हात तसाच ठेवून ऐकत राहिले. खरं सांगायचं तर मला आधी राग आला, की सुनेला पहिला फोन मला करावासा वाटला नाही. मग लक्ष सायलीच्या रडण्याकडे गेलं. ती हुंदका लांबवत होती, वर नेऊन, एक हेलकावा देऊन मग सोडत होती. असं रडणं मी एकाच बाईकडून ऐकलं होतं, आणि तीच गेली होती. माझी लेक एरवी माझ्यासारखी रडते, म्हणजे दोन मिनिटं, आणि नाक पुसून कामाला लागते. त्या सकाळी मनात आलं, मी गेल्यावर ही कोणत्या चालीत रडेल? वाईट विचार होता. पण आला, हे लिहिलं पाहिजे. दुःख त्यानंतर आलं, तिसऱ्या नंबरावर.

तिला जाऊन आता दीड महिना झाला. लोक तिच्याबद्दल गोड बोलतात, आणि ते सगळं खरं आहे. माझं तिच्याशी असलेलं नातं मात्र इतकं गोड नव्हतं. मला ती आवडायची, मी तिच्यावर अवलंबून होते, आणि बावीस वर्षं मी तिच्यावर जळत होते. तिन्ही एकाच वेळी चाललं. आता ती नाही, तर निदान तिसरी गोष्ट तरी सरळ सांगून टाकते.

मी कऱ्हाडची. वडील शाळामास्तर, आई त्यांच्याहून कडक. आमच्या घरात वाक्य सुरू व्हायचं, काम सांगायचं आणि संपायचं. लग्न होऊन मालवणात आले तेव्हा मला इथल्या शब्दांची अडचण फारशी वाटली नाही, शब्द महिन्या-दोन महिन्यांत कळतात. अडचण होती हेलाची. इथे साधं 'बस' म्हणतानाही आवाज कुठून तरी उचलतात, शेवटी लांबवतात, आणि समोरच्याने त्याला धरून पुढे बोलावं म्हणून जरा हवेत ठेवतात. मला ते जमलं नाही. मी कुडाळला एका सरकारी कचेरीत नोकरीला होते, अजूनही आहे. तिथे माझी भाषा चालायची. घरी नवरा, सतीश, इथल्याच शाळेत शिक्षक. तो माझ्याशी माझ्यासारखं बोलायचा आणि दाराबाहेर पाऊल टाकलं की मालवणी. सासूबाई आमच्या लग्नाआधीच गेलेल्या. म्हणून सायली झाली तेव्हा न्हाऊ घालायला कोण, हा प्रश्न आला आणि सतीश जयवंतीकाकीला घेऊन आला. त्यालाही लहानपणी तिनेच न्हाऊ घातलं होतं.

काकीने तीस वर्षं मालवणच्या बाजारात मासे विकले होते. गुडघे गेले तशी टोपली सुनेकडे गेली आणि काकी पूर्वीसारखी पुन्हा आळीतल्या पोरांना न्हाऊ घालू लागली. पहिल्या दिवशी आली, न्हाणीघर बघितलं, आमचा प्लास्टिकचा टब पायाने बाजूला सारला आणि म्हणाली, "ह्यात कपडे भिजव." दुसऱ्या दिवशी घरून लाकडी पाट घेऊन आली. त्यावर बसून पाय लांब सोडायचे, दोन्ही नडग्यांच्या मधल्या खोबणीत मूल पालथं घालायचं, खोबरेल तेल चोळायचं, मग कढत पाणी. हे सगळीकडेच करतात. पण काकीची स्वतःची एक रीत होती. ती न्हाऊ घालताना त्या दीड महिन्याच्या पोरीला मासे विकायची.

"काय व्हया गो बाय तुका? बांगडो? आज बांगडो बरो नाय. पेडवे घे." एवढं म्हणून थांबायची. तेलाचा हात तसाच हवेत. पोरीच्या तोंडाकडे टक लावून, गिऱ्हाईक काय म्हणतंय याची वाट बघावी तशी. पोरीने 'अं' केलं, 'गू' केलं, नुसती जांभई दिली, तरी काकीला ते उत्तर. "काय म्हणतंस? म्हाग? तोंड बघलंस आरशात?" की पुन्हा थांबायची. "बरा, रडू नको. आणि एक घालतंय वर." असा अर्धा-पाऊण तास सौदा चालायचा. मी दारात टॉवेल घेऊन उभी. मला गंमत वाटायची. मी म्हणालेही, "काकी, तिला काय कळतंय?" त्यावर म्हणाली, "गिऱ्हायकाक तरी सगळा खंय कळता?"

माझी रजा संपली तेव्हा सायली पाच महिन्यांची होती. काकी दिवसभर आमच्याकडे राहायला लागली. मी सकाळी साडेआठची बस पकडायची, संध्याकाळी साडेसहाला परत. तेवढ्या वेळात मालवणात माझ्या घरी काय चाललंय ते मला फक्त परिणामावरून कळायचं. दुधाची बाटली रिकामी, दुपटी धुतलेली, पोरगी गुबगुबीत. तक्रारीला जागा नव्हती आणि मला ती हवी होती. रविवारी मी सगळा वेळ सायलीबरोबर काढायची. तिला चित्रं दाखवायची, वस्तूंची नावं सांगायची. हा चेंडू. हा कावळा. ही आई. मी सांगत राहायची आणि ती माझ्या तोंडाकडे बघत राहायची. मी मध्ये थांबायला हवं होतं हे मला कोणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी रविवार एकच होता, आणि मला पुष्कळ शिकवायचं होतं.

सायली आठ महिन्यांची झाली आणि तिची बडबड सुरू झाली. दद्दा, बब्बा, मम्मा, सगळी मुलं करतात तेच. एका रविवारी मी कऱ्हाडला आईला फोन लावला आणि रिसीव्हर पोरीच्या तोंडाशी धरला. ती अगदी रंगात आली होती. बब्बाऽऽ करून आवाज वर न्यायची, झुलवायची, थांबायची, मग पुन्हा. मी कौतुकाने रिसीव्हर कानाला लावला तर पलीकडे आई हसत होती. म्हणाली, "माधवी, अगं ही बोलत नाहीये, ही मासे विकतेय! कुणाचं बाळ धरलंयस तिथे?"

आईने गंमत केली होती. पण त्या क्षणापासून मला ते ऐकू यायला लागलं, आणि एकदा ऐकू आलेलं मग थांबवता येत नाही. शब्द अजून एक नव्हता, अर्थ नव्हता, पण चाल पूर्ण होती. आवाज कुठे उचलायचा, कुठे लांबवायचा, कुठे समोरच्यासाठी थांबायचं... सगळं काकीचं. माझ्या पोटात नऊ महिने राहिलेल्या, माझं नाक आणि माझे कान घेऊन आलेल्या पोरीच्या तोंडातून दुसऱ्या बाईचा आवाज निघत होता. आई म्हणून हाक मारेल तेव्हाही ती काकीच्याच हेलात मारेल, हे मला दिसत होतं.

सोमवारी सकाळी मी चपला घालता घालता काकीला सांगितलं, "काकी, एक करा. सायलीशी शुद्ध बोलत जा." कारण म्हणून शाळेचं नाव घेतलं. पुढे शाळेत अडचण येते वगैरे. सतीशने माझ्याकडे बघितलं आणि पेपर तोंडासमोर धरला.

"सुद्द म्हणजे कसा गो?" काकीने विचारलं.

"म्हणजे... मी बोलते तसं."

"तसा माका बोलूक येता," काकी म्हणाली, "पण ता कचेरीत. चेडवाक न्हाणयतना कसा येतला?"

मी म्हटलं, पोरीला न्हाऊ घालतानाही येईल सवयीने. माझी बस होती.

काकीने मनापासून प्रयत्न केला. दुसऱ्या दिवशी मी निघायच्या आधी तिने पोरीला न्हाऊ घालायला घेतलं आणि मला न्हाणीघरातून ऐकू आलं, "बाळ, पाय द्यावेत. पाणी गरम आहे." ती पोरीला अहो-जाहो करत होती. तिची शुद्ध भाषा म्हणजे रेशनकार्डाच्या खिडकीपाशी आणि तहसीलदाराच्या टेबलासमोर वापरायची भाषा. त्या भाषेत तिने आयुष्यात कुणाची चेष्टा केली नव्हती, कुणाला शिवी घातली नव्हती, कुणाला जवळ घेतलं नव्हतं. त्या भाषेत अंग चोरून उभं राहायचं आणि साहेब बोलेपर्यंत गप्प बसायचं, एवढंच तिला ठाऊक. पेडवे-बांगड्यांचा सौदा त्या भाषेत होणार कसा? आठवडाभरात तिची वाक्यं कमी झाली. मग नुसतं 'पाणी', 'पाय'. मग तेही गेलं असावं. असावं म्हणते, कारण मी बसमध्ये होते.

आणि सायली गप्प झाली. एकदम नाही. मी घरी यायची तेव्हा ती माझ्याकडे झेपावायची, हसायची, पण बडबड नाही. रविवारी मी चित्रं दाखवायची, ती बघायची. बब्बा नाही, दद्दा नाही. आधी मी म्हटलं दात येत असतील. मग तीन आठवडे झाले, महिना झाला. मी तिच्या मागे उभी राहून टाळ्या वाजवल्या, डबा आपटला. ती वळून बघायची. तरी मला धीर नव्हता. कानाला काही झालं, डोक्याला काही झालं, मी नोकरी केली म्हणून झालं... बसच्या प्रवासात एवढंच चालायचं. कुडाळच्या मुलांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासलं, खुळखुळा वाजवला, कान बघितले, आणि म्हणाले ऐकू व्यवस्थित येतंय. मग सहज विचारावं तसं विचारलं, "दिवसभर हिच्याशी कोण बोलतं?"

"बाई आहेत."

"काय बोलतात?"

उत्तर माहीत होतं, ते द्यायची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि दुपारच्या बसने, न सांगता, घरी आले. उकाडा होता म्हणून काकी पोरीला दुसऱ्यांदा आंघोळ घालत होती. अंगणात उभी राहून मी कान दिला. तांब्या बादलीत बुडल्याचा आवाज, पाणी पडल्याचा आवाज, पुन्हा तांब्या. माणसाचा आवाज नाही. आत जाऊन पाहिलं तर काकी ओठ मिटून पोरीच्या पाठीवर पाणी ओतत होती आणि पोरगी मान वळवून वळवून तिच्या तोंडाकडे बघत होती. वाट बघत होती, मला वाटतं. तिचा सौदा अर्धवट राहिला होता.

"काकी, बोलत का नाही तुम्ही?"

"तू सांगलंस म्हणान." काकीने वर न बघता सांगितलं. "चुकान कायतरी तोंडातून गेला तर?"

"बोला. तुम्हाला येतं तसं बोला."

"आता मगे तू सांग तेका," काकी म्हणाली. "काकी बोलतली म्हणान सांग. माझ्याशी बोलणा तूच तोडलंस, तूच जोड."

ओल्या न्हाणीघरात, कचेरीच्या साडीत, हातात पर्स धरून मी माझ्या नऊ महिन्यांच्या मुलीला आयुष्यातलं पहिलं मालवणी वाक्य बोलले. "काकी बोलतली गो तुझ्याशी." काकी क्षणभर माझ्याकडे बघत राहिली आणि मग इतकी हसली की तिच्या पायांवरची पोरगी हलायला लागली. "ह्या खंयचा मालवणी गो? घाट उतरतना मोडलला दिसता!" आणि तोच धागा पकडून पोरीकडे वळली, "आयकलंस बाय? तुझ्या आवशीन काय आणल्यान बग. मोडको बांगडो!" आणि थांबली, हात हवेत ठेवून. पोरीने तोंड उघडलं...

बडबड परत यायला पंधरा दिवस लागले. आली ती काकीच्याच हेलात, आणि मला हायसं वाटलं. पण जळणं त्यामुळे कमी झालं नाही. उलट वाढलं. आधी वाटत होतं की तिने माझं काही घेतलं. आता कळलं की ते माझ्याकडे नव्हतंच, आणि ते परत मिळवायला मला तिच्याच पायाशी उभं राहून मागावं लागलं होतं. त्यानंतर मी काकीला कधीही काही शिकवलं नाही. साड्या दिल्या, गुडघ्याला तेल आणून दिलं, डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा रजा घेऊन जवळ बसले. पण सायली धावत तिच्याकडे गेली की मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी लावायची. जोरात लावायची, असं सतीश म्हणतो.

सायली दोन्ही बोलायला शिकली. माझ्याशी माझं, काकीशी काकीचं. शाळेत काही अडचण आली नाही. आता ती पुण्यात उशिरा बोलणाऱ्या मुलांबरोबर काम करायचं शिक्षण घेते. हे तिने का निवडलं ते मी विचारलेलं नाही. दोन वर्षांपूर्वी सुट्टीत आली तेव्हा मला समजावून सांगत होती, की मूल शब्दांच्या कितीतरी आधी चाल उचलतं. शेवटच्या महिन्यांत पोटातच आईचा आवाज त्याच्यापर्यंत पोचायला लागतो, जन्मतःच त्याला तो ओळखीचा असतो, आणि पुढे बडबडायला लागलं की भोवतालच्या भाषेचे चढउतार त्या बडबडीत दिसायला लागतात. "म्हणजे सुरुवातीला मी तुझाच हेल ऐकला, आई." मला दोन दिवस बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी तीच म्हणाली, "पण बोलणं येतं ते बोलण्याला उत्तर मिळतं म्हणून. समोरचा थांबला पाहिजे. जयवंतीआजी थांबायची ना, तसं. आमच्या मॅडमना मी तिचं सांगितलं, त्या म्हणाल्या असं आम्हाला शिकवावं लागतं." मी म्हटलं, हो, थांबायची. आणि उठून कुकर लावला.

आता शेवटच्या भेटीचं सांगते. यासाठीच हे लिहायला घेतलं.

गणपती होऊन गेल्यावर सुट्ट्या जोडून आल्या होत्या. काकीच्या मुलाने घराच्या मागे पर्यटकांसाठी दोन खोल्या काढल्या आहेत, त्या भरल्या होत्या. मी तिच्या गुडघ्याचं तेल द्यायला गेले. काकी पुढच्या पडवीत खुर्चीवर, पाय स्टुलावर. दात जवळजवळ गेलेले, कान मात्र तिखट. अंगणात एक घाटावरची बाई आपल्या मुलाला चपला घालायला सांगत होती. "आधी पाय पूस. पुसलास? मग घाल." काकीने माझ्या हाताला धरलं.

"आयकलंस? तुझा चेडू अस्साच बोलत होता."

"सायली? सायली तर तुमच्यासारखी बोलायची."

"माझ्यासारख्या दिवसभर," काकी म्हणाली. "सा वाजले काय तुझ्यासारख्या."

मला कळेना. मग तिने सांगितलं. संध्याकाळी सहाच्या सुमाराला ती दिवा लावायची आणि अंगण झाडायला जायची. सायली रांगत रांगत उंबऱ्यावर जाऊन बसायची, फाटकाकडे तोंड करून, आणि एकटीच बोलायला लागायची. शब्द एक नाही. पण दिवसभराचा लांबवलेला, झुलणारा आवाज नाही. तुटक. छोटा. खाली पडणारा. मी संध्याकाळी घरात शिरल्या शिरल्या पर्स ठेवून सतीशला जे बोलायची, की हे इथे कुणी ठेवलं, पाणी भरलं का, तो टॉवेल उचल, त्या चालीत. "ता बडबडत नाय होता गो," काकी म्हणाली, "ता आमका सगळ्यांका वराडत होता. कमरेर हात तेवढो नाय."

"मग मी कसं कधी ऐकलं नाही?"

"तू फाटकात दिसलंस काय गप. आवस इली, मगे कित्याक बोलतला?"

आई दिसली की हाक कशाला, असं तिचं म्हणणं. आणि मग ज्याची मी अपेक्षा केली नव्हती ते ती बोलली. "मी गप रवलंय त्या महिन्यात पण, सा वाजले काय ता बोलत होता. तेव्हाच तेवढा."

मी हात सोडवून घेतला. त्या महिन्यात मी काय काय भोगलं होतं ते तिला माहीत होतं. टाळ्या, डबे, डॉक्टर, सगळं तिच्यासमोर. "काकी, मी तिला घेऊन कुडाळला गेले! तेव्हा तरी सांगायचंत!"

"तू माझा बोलणा बंद केलंस," काकी म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "मगे तुझा तुका कित्याक सांगू? आख्खो दीस माझो, आणि दारात बसान हाक तुका. माका राग येय."

"आणि नंतर? बावीस वर्षं?"

"तू तरी माका कधी सांगलंस, तुका राग येता म्हणान?"

"तुम्हाला कळत होतं?"

"न कळूक काय झाला? दारात इल्यार तू आधी माझ्याकडे बघत होतंस. मगे चेडवाकडे."

बोलण्यासारखं होतं ते सगळं तिने आधीच बोलून टाकलं होतं. मी तिच्या जागी असते तर मीही सांगितलं नसतं, हे तिथे बसल्या बसल्याच मला कळलं. मग मी विचारलं, "कसं बोलायची? करून दाखवा ना." काकीने पाठ सरळ केली, हनुवटी जराशी वर घेतली आणि त्या बिनदातांच्या तोंडातून निघालं, "दद्दा. दा. बब्ब. दद्दा, दा." तुटक, छोटं, खाली पडणारं. मी दचकले. ती मी होते. आणि नऊ महिन्यांची माझी लेक होती. काकीने इतकी वर्षं ते जसंच्या तसं आत ठेवलं होतं.

मी मोबाईल काढला, म्हटलं पुन्हा करा, टिपून घेते. तिला खोकला आला. "दम लागता," म्हणाली. "दिवाळीक चेडू येतला नाय? तेव्हा करतंय. तुम्ही दोघी बसा समोर." मीही आग्रह केला नाही. तेल कसं लावायचं ते सुनेला सांगितलं आणि घरी आले. मी व्यवहारी बाई आहे असं सगळे म्हणतात. त्या दिवशी तो मोबाईल सरळ तिच्यासमोर धरून ठेवला असता तर ते खरं ठरलं असतं. दसऱ्यानंतर आठवड्याने ती गेली. दिवाळीला दोन आठवडे होते.

सायली तिच्या बाराव्याला आली. रडून झालं होतं तिचं. घरी आल्यावर मी तिला हे सगळं सांगितलं, माझ्या जळण्यासकट. ती नीट ऐकत होती, मध्ये मध्ये थांबून, तिच्या आजीने शिकवल्यासारखी. मग म्हणाली, "करून दाखव ना, मी कशी बोलायची." मी पाठ सरळ केली. हनुवटी वर घेतली. "दद्दा. दा..." जमेना. काकीच्या तोंडून आलं तेव्हा त्यात एक लहान मूल होतं, माझ्या तोंडून नुसती मी येत होते. सायली हसून म्हणाली, "आई, हे तर तू रोजच बोलतेस."

काकीचा पाट अजून आमच्या न्हाणीघरात आहे. गिझरचं बटण उंचावर बसवलंय, त्यासाठी त्यावर चढते मी. चांगला जाड आहे, टिकेल. उंबरा मात्र आता मला पूर्वीसारखा ओलांडता येत नाही. हल्ली मी स्कूटरने जाते-येते, सहा-सव्वासहाला घरी पोचते, पर्स ठेवते आणि सवयीने तोंडातून जातं, "हे इथे कुणी ठेवलं?" की मी तिथेच थांबते आणि तो आवाज कसा पडला ते ऐकते. सतीश वर्तमानपत्रातून विचारतो, "काय झालं?" काही नाही म्हणते. याच जागी एक रांगतं मूल फाटकाकडे तोंड करून माझ्या आवाजात मला हाका मारत होतं. त्याचं ऐकायला जयवंतीकाकी होती, हातात झाडू धरून. मी तेव्हा धामापूरच्या वळणावर, बसच्या खिडकीशी, घड्याळ बघत बसलेली असायची.